कच्ची वही, पक्की वही

ॲलन गिन्सबर्गच्या नावावर आपल्याकडे एक मोठा सोयीचा पंथ निघाला आहे. मनात आले ते कागदावर उतरले की झाली कविता. खोडणे म्हणजे ढोंग आणि दुसरा खर्डा म्हणजे भेकडपणा! पहिला विचार तोच उत्तम, असे गिन्सबर्ग सांगत असे, हे खरे. परंतु गुरूने सांगितले तेवढे ऐकायचे आणि केले ते पाहायचेच नाही, हा कुठला शिष्यधर्म?

त्याचे दप्तर उघडून पाहा. 'हाऊल' १९५६ साली प्रसिद्ध झाली. तिचे खर्डे १९८६ मध्ये जसेच्या तसे छापले गेले. त्यांत खाडाखोड आहे, कडव्यांची उलथापालथ आहे. पहिल्याच ओळीतले गूढानुभवाचे विशेषण जाऊन तेथे उन्मादाचे आले आहे. आई नेओमी १९५६ मध्ये वारली. तिच्यावरची 'कॅडिश' पुस्तकात यायला १९६१ साल उजाडले. दुःख ताजे होते म्हणून त्याने ते कच्चे वाढले नाही.

१९६२-६३ साली तो भारतात हिंडला, काशीच्या घाटांवर राहिला. तेथल्या चिता, भिकारी, स्वतःची स्वप्ने, सारे वहीत उतरवले. ते १९७० मध्ये छापले, ते रोजनिशी म्हणून. शाळेतल्या पोराला कच्ची वही कोणती, पक्की कोणती, हे कळते. आमच्या बंडखोरांना मात्र कळत नाही.

पत्रांचेही तेच. बाप लुई स्वतः कवी, आणि पेशाने शाळामास्तर. 'हाऊल'मधल्या ग्राम्य शब्दांबद्दल त्याने मुलाला पत्रातून हटकले. मुलाने शब्द गाळले नाहीत. पुढे १९५७ साली त्याच शब्दांपायी प्रकाशक फर्लिंगेटी सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात उभा राहिला आणि निर्दोष सुटला. वाङ्मयीन मोल आहे, अशी साक्ष तेथे जाणत्या समीक्षकांनी दिली. घाईने खरडलेल्या पानासाठी अशी साक्ष द्यायला कोण उभा राहील?

यावर म्हटले जाईल, की मास्तरांना तांबड्या शाईचा सोस! असेल. पण उद्या एखादा खरा, झोंबणारा शब्द कुणी लिहिला आणि त्यावर खटला भरला गेला, तर आज या पंथाने स्वस्त केलेली शिवीच त्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून पुढे येईल. नुकसान होईल ते त्या खऱ्या कवीचे.

बंड अवश्य करा. गिन्सबर्गचे नावही घ्या. पण घेण्यापूर्वी आपले खर्डे दाखवा.