कर किमतीवर की धुरावर? वस्तू व सेवा कर परिषदेस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
वस्तू व सेवा कर परिषद, नवी दिल्ली

विषय : कोळशावरील करआकारणी

स. न. वि. वि.

मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते प्रत्येक कराला विरोध करतात, हा समज बरोबर नाही. ज्याच्या धुराची झळ तिऱ्हाइताला बसते त्याच्याकडून त्या झळीइतका कर घ्यावा, हा आर्थर पिगू यांनी 1920 मध्ये मांडलेला विचार त्यांच्यातील अनेकांना मान्य आहे; कारण अशा करामुळे धूर कसा कमी करायचा, हे सरकारी फर्मानाऐवजी कारखानदाराचा स्वतःचा हिशेब ठरवतो. फर्मानाची गत सल्फर डायऑक्साइडच्या नियमांत दिसली : 2015 मध्ये ते औष्णिक वीजकेंद्रांना लागू झाले, मुदती वारंवार वाढल्या आणि 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना सूट मिळाली.

स्वच्छ ऊर्जेसाठी 2010 मध्ये कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर, म्हणजे विशिष्ट कारणासाठी घेतला जाणारा जादा कर, बसवण्यात आला व 2016 मध्ये तो 400 रुपयांवर गेला. 2017 पर्यंत जमलेल्या सुमारे 86 हजार कोटी रुपयांपैकी जेमतेम एक तृतीयांश रक्कम त्यासाठीच्या निधीत पोहोचली आणि पुढे हा पैसा राज्यांच्या महसुली भरपाईकडे वळला.

सप्टेंबर 2025 मध्ये परिषदेने उपकर काढून कराचा दर 5 वरून 18 टक्के केला. परिणामी टनाला 1000 रुपये किमतीच्या कोळशावर पूर्वी 450 रुपये पडत, तेथे आता 180 पडतात. 4000 रुपयांच्या कोळशावर मात्र 600 चे 720 झाले. स्वस्त कोळसा बहुधा अधिक राखेचा व कमी उष्णतेचा असतो, तेवढ्याच विजेसाठी तो जास्त जाळावा लागतो आणि त्याची राख चंद्रपूरसारख्या वीजकेंद्राच्या शहरांना सोसावी लागते. म्हणजे जो माल अधिक त्रासदायक, त्यालाच सवलत मिळाली. एकूण भार घटल्याने वीज स्वस्त होईल, हा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु वीज या करव्यवस्थेबाहेर असल्याने कोळशावर भरलेल्या कराची वजावट वीजनिर्मात्यांना मिळत नाही व उरलेला बोजा ग्राहकाच्या बिलातच उतरतो.

म्हणून परिषदेने वीज करव्यवस्थेत आणून वजावटीची वाट मोकळी करावी, आणि केंद्राने कोळशाची प्रतवारी पाहून राख व उत्सर्जनाच्या प्रमाणात वेगळा, वजावटीस अपात्र असा आकार ठरवावा, अशी शिफारस करावी. त्यातून येणारा पैसा नव्या योजनांत न घालता इतर करांचे दर उतरवण्यास वापरावा. सुरतमध्ये 2019 पासून कारखान्यांच्या धूलिकणांसाठी परवान्यांचा बाजार चालवून पाहिला गेला आहे. तो अनुभवही विचारात घ्यावा. केवळ महसूलच हवा असेल, तर तो महसूल म्हणूनच मागावा, पर्यावरणाच्या नावावर नव्हे.

कळावे,
एक करदाता