टाइल्स घेताय? आधी चमक नको, खालची माती बघा! दर्यापुरात घराची फरशी कशी निवडावी?

दुकानातल्या दिव्यांखाली पांढरीशुभ्र टाइल चमकली की निम्मा निर्णय तिथंच होतो. दर्यापुरात मात्र फरशी टिकणार की नाही, हे दुकानात नाही, जमिनीखाली ठरतं. काळी माती आणि खारं पाणी, या दोन गोष्टी डिझाइनच्या कॅटलॉगमध्ये नसतात. त्यामुळे भाव विचारण्याआधी खालचं काम समजून घ्यायला हवं.

खारपाणपट्ट्याचा फरशीशी काय संबंध?

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात दर्यापूर तालुका येतो. बोअरच्या खाऱ्या पाण्यात माल कालवला, तर ओलाव्याबरोबर क्षार वर येतात. टाइल्सच्या सांध्यांत पांढरी भुकटी दिसते. पुसली तरी ती परत येते. बांधकामाच्या पाण्यात क्लोराइड किती चालतं, हे आयएस ४५६ या मानकात दिलं आहे. साध्या काँक्रीटसाठी लिटरमागे २,००० आणि सळईच्या काँक्रीटसाठी ५०० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. पाणी तपासून घ्या. निदान फरशीच्या मालासाठी तरी गोडं पाणी वापरा.

महाग टाइलही का तडकते?

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरच भराव करून टाइल बसवली, तर फरशी कुठे उचलते, कुठे खचते. जोत्याच्या आतली काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून थराथरानं धुमसावा आणि वर काँक्रीट करावं. या कामाचा फोटो कुणी व्हॉट्सअॅपवर टाकत नाही, पण टाइलचं आयुष्य तिथंच ठरतं.

कुठे कोणती टाइल?

• हॉल आणि खोल्या: व्हिट्रिफाइड. ती ०.५ टक्क्यापर्यंतच पाणी शोषते, त्यामुळे डाग कमी मुरतात. पण याच गुणामुळे साधं सिमेंट तिला नीट धरत नाही. मोठ्या आकाराच्या टाइलसाठी अॅडहेसिव्ह वापरलेलं बरं.

• न्हाणी आणि अंगण: मॅट, खडबडीत टाइल. पाकिटावर ‘आर ९’ ते ‘आर १३’ असा आकडा असेल तर तो बघा. आकडा जितका मोठा, तितकी पकड जास्त. न्हाणीत लहान आकाराची टाइल घेतली तर उतार नीट काढता येतो.

• ओसरी: पोती, मोटारसायकल, चिखलाचे पाय या सगळ्यांसाठी शहाबादी किंवा कोटा आजही चांगला पर्याय आहे. खालून ओल येत असेल तर मात्र दगडाचाही पापुद्रा सुटतो.

भिंतीसाठीची सिरॅमिक टाइल स्वस्त मिळते म्हणून जमिनीवर लावू नका. ती १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषते आणि वजनाला कमजोर असते.

किती घ्यायच्या?

१० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट. २ बाय २ फुटांच्या ३० टाइल्स लागतात. तुटफूट आणि कापणीसाठी १० टक्के धरा, म्हणजे ३३. पेटीत ४ असतील तर ९ पेट्या घ्या. सगळ्या पेट्यांवरचा बॅच आणि शेड क्रमांक एकच आहे ना, ते तपासा. उरलेल्या ३ टाइल्स जपून ठेवा, पुढे तोच रंग मिळेलच असं नाही. काम झाल्यावर प्रत्येक टाइल नाण्यानं वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर मिस्त्रीचा हिशेब चुकता करण्याआधीच ती बदलून घ्या.

मग पैसा कुठे घालावा?

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये ठरले. एवढ्या पैशात घर उभं करणाऱ्यानं चकचकीत टाइलच्या मोहात पडू नये. पक्क्या भरावावरची साधी मॅट टाइल काळ्या मातीवरच्या महागड्या टाइलपेक्षा केव्हाही सरस. पाहुणे चमक बघतात आणि चहा पिऊन जातात. ओल्या फरशीवरून पहाटे न्हाणीकडे जाते ती घरातली आजी. टाइल निवडताना तिचा पाय आधी आठवावा.