मोजून मारणं

परवा वर्गात ध्रुवीय अस्वलांचा विषय निघाला. "सर, बर्फच वितळतोय, मग शिकारीला परवानगी कशी?" एका विद्यार्थिनीनं विचारलं. पूर्वी मलाही असंच वाटायचं.

१९७३ मध्ये पाच देशांनी करार करून या शिकारीला लगाम घातला, पण स्थानिकांची परंपरागत शिकार राखली. कॅनडातल्या इन्युइटांना त्यातून मांस, कपड्यांना कातडं आणि चार पैसेही मिळतात. म्हणून आधी अस्वलं मोजायची, मग किती मारायची ते ठरवायचं.

पण मोजणीच चुकली तर? मॅक्लिंटॉक चॅनल भागात सुमारे ७०० अस्वलं धरली होती; नव्या मोजणीत २८४च निघाली. २००१ मध्ये शिकार थांबली, पुढं वर्षाला जेमतेम तीन. ग्योआ हेवनच्या शिकाऱ्यांनी ते सोसलं. २०१४-१६ च्या मोजणीत तिथं ७१६ अस्वलं भरली! उलट पश्चिम हडसन उपसागरात बर्फाचा हंगाम आखडतोय. पाच वर्षांत ८४२ ची संख्या २०२१ मध्ये ६१८ वर आली.

मी तिला म्हटलं, बंदी घालणं सोपं. दरवेळी नव्यानं मोजून आकडा बदलणं अवघड. आणि चूक आपली झाली तरी ताट त्यांचं रिकामं राहतं, एवढं विसरू नये.