दाखला नेला तरी शाळा आपलीच!

मुलामुलींनो,

आमच्या निघोज्यात कंपन्या वाढल्या, तशी वर्गातली गर्दीही वाढली. कुणाचे बाबा लातूरचे, कुणाचे बुलढाण्याचे. कंत्राट संपलं की बिऱ्हाड हलतं. परवा चौथीतल्या एका मुलीने दाखला हातात घेतला आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "बाई, आता मी या शाळेची नाही ना?"

मी म्हटलं, "वेडाबाई! आता तू माजी विद्यार्थिनी. ऐक एक गोष्ट."

1889 साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत 'शारदा सदन' काढलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या सगळ्यांच्या 'बाया कर्वे' झाल्या. 1896 मध्ये कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. 1900 साली तो हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत गेला. ती झोपडी आजही जपून ठेवली आहे.

बायांची बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही विधवा. कर्व्यांकडे राहून त्या शिकल्या. शिकून झालं म्हणून गेल्या का निघून? छे! आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी गोळा केली. 1918 साली तर इंग्रजी शिकायला थेट अमेरिका गाठली. तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या, आणि परत येऊन पुन्हा आश्रमाच्याच कामाला लागल्या!

त्याच अमेरिकेत कॉलेजातल्या मुलींच्या 'सोरोरिटी' नावाच्या संघटना असतात. लॅटिन भाषेत 'सोरोर' म्हणजे बहीण. कॉलेज संपलं तरी गावोगावच्या माजी विद्यार्थिनी एकत्र येतात, नव्या मुलींच्या पाठीशी उभ्या राहतात. आपल्या हिंगण्याच्या बहिणींनी तरी दुसरं काय केलं?

आता तुमचं काम. तुमच्या शाळेत शिकलेल्या आई, आत्या, ताई शोधा. त्यांची नावं वहीत लिहा आणि एकीला वर्गात बोलवा. शाळा सोडून गेलेल्या मैत्रिणीला पत्र टाका.

आणि पालकहो, गाव बदललं तरी मुलीची शाळा तुटू देऊ नका. दाखला मिळायला उशीर झाला, तरी चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा प्रवेश त्यासाठी अडवता येत नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदाच तसं सांगतो.

ती मुलगी जाताना म्हणाली, "बाई, दिवाळीला येईन हं!" या हो, जरूर या. माहेरी यायला दाखला लागत नाही!

तुमच्या,
बाई