संगणकाचा वाटा मोजायचा कसा?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दादाभाई नौरोजी यांनी हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न वीस रुपये असल्याचे मांडले, तेव्हा त्यांनी शेतातील पीक, मीठ, कोळसा, कारखान्यांतील माल अशा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंचाच हिशेब केला होता. वकिलाचा सल्ला, शिक्षकाचे अध्यापन, कारकुनाची लेखणी यांना त्या हिशेबात जागा नव्हती. पुढे १९३१-३२ सालचे राष्ट्रीय उत्पन्न मोजताना डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी सेवाही जमेस धरल्या. काय मोजायचे आणि काय सोडायचे हा वाद, म्हणजे, आपल्याकडे जुनाच आहे. माहिती आणि दळणवळण तंत्रज्ञानाच्या निमित्ताने तो पुन्हा उभा राहिला आहे, इतकेच.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये या विषयावरील एक अहवाल प्रसिद्ध केला. २०२२-२३ साली देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनात ‘डिजिटल अर्थव्यवस्थे’चा वाटा ११.७४ टक्के, म्हणजे सुमारे ३१ लाख ६४ हजार कोटी रुपये होता, असे त्यात म्हटले आहे. २०२९-३० पर्यंत हा वाटा एक पंचमांशाच्या घरात जाईल, असाही अंदाज आहे. भाषणांतून आणि जाहिरातींतून हे आकडे आपल्या कानांवर येतात. त्याच अहवालातील एक आकडा मात्र क्वचितच ऐकू येतो. या अर्थव्यवस्थेत काम करणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ४७ लाख, म्हणजे देशातील एकूण कामकऱ्यांच्या २.५५ टक्के आहे. या दोन आकड्यांमधले अंतर कसे वाचायचे, हा खरा प्रश्न आहे.

पण त्याआधी पहिला आकडा येतो कोठून, हे पाहिले पाहिजे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९९८ साली या क्षेत्राची पहिली सर्वमान्य व्याख्या केली आणि नंतर ती एकाहून अधिक वेळा बदलली. आपल्या २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात ‘माहिती व दळणवळण’ असा एक स्वतंत्र विभाग आहे. त्यात दूरध्वनी कंपन्या आणि संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे येतात, हे ठीकच. पण चित्रपटनिर्मिती, आकाशवाणी आणि वृत्तपत्रांचे प्रकाशनही त्यातच येते. वाचक हातात धरून बसले आहेत ते हे वर्तमानपत्रही, वर्गीकरणापुरते, हिंजवडीच्या संगणक कंपन्यांचे शेजारी आहे! उलट मोबाईल आणि संगणक बनवणारे कारखाने या विभागात नाहीत, ते कारखानदारीत जातात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या २०११-१२ आधारवर्षाच्या मालिकेत तर दळणवळण हे व्यापार, हॉटेल आणि वाहतूक यांच्या गटात बसवले गेले आणि संगणकसेवा स्थावर मालमत्ता व व्यावसायिक सेवांच्या गटात. तेव्हा ‘माहिती तंत्रज्ञान क्षेत्र’ असे लेबल लावलेला डबा हिशेबात तयार नसतो. निरनिराळ्या डब्यांतून थोडेथोडे काढून तो भरावा लागतो, आणि कोठून किती काढायचे हे काढणारा ठरवतो. मंत्रालयाच्या ११.७४ टक्क्यांतही मूळ क्षेत्राचा भाग आठ टक्क्यांच्या आतबाहेरचा आहे. उरलेला वाटा ऑनलाईन मध्यस्थ कंपन्यांचा आणि बँका, किरकोळ व्यापार, शिक्षण यांच्या संगणकीय व्यवहारांचा आहे.

या डब्यांवरील चिठ्ठ्याही नेहमी खऱ्या असतात असे नाही. सेवाक्षेत्रातील उद्योगांच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीचा तांत्रिक अहवाल २०१९ मध्ये बाहेर आला. सरकारदरबारी नोंदलेल्या कंपन्यांच्या यादीतून निवडलेल्या नमुन्यातील एक तृतीयांशाहून अधिक कंपन्या सापडल्या नाहीत, बंद आढळल्या किंवा भलत्याच व्यवसायात असल्याचे दिसून आले. एकूण उत्पन्नाच्या अंदाजावर याचा फारसा परिणाम होत नाही, असे सरकारचे म्हणणे होते. बेरजेपुरते ते मान्य केले तरी कोणत्या क्षेत्राचा वाटा किती, हे विचारताच चुकीच्या चिठ्ठीचे महत्त्व वाढते.

दुसरी गफलत उलाढाल आणि मूल्यवर्धन यांची. नॅसकॉम या उद्योजकांच्या संघटनेने २०२३-२४ सालचे या उद्योगाचे एकूण उत्पन्न सुमारे २५४ अब्ज डॉलर सांगितले. या रकमेला देशाच्या एकूण उत्पादनाने भागून ‘सात टक्के वाटा’ असे सांगण्याची पद्धत रूढ झाली आहे. परंतु सकल उत्पादन ही मूल्यवर्धनाची बेरीज असते, विक्रीची नव्हे. समजा, वीस हजार रुपयांचा मोबाईल आपल्या कारखान्यात जुळवला आणि त्यातील पंधरा हजारांचे भाग परदेशांतून आले, तर देशाच्या उत्पन्नात भर पडते ती फार तर पाच हजारांची. निर्यातीच्या आकड्यात मात्र तो पुरता वीस हजारांचा असतो. आयर्लंडने तर याहून मोठा चमत्कार पाहिला. २०१५ साली तेथील सकल उत्पादन पहिल्या अंदाजानुसार एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढले. त्यामागे मुख्यतः बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तेथे हलवली, हे कारण होते. अखेर आयर्लंडच्या सांख्यिकी खात्याला असे परिणाम वगळून राष्ट्रीय उत्पन्नाचे वेगळे मापच तयार करावे लागले.

येथवर आकडा फुगतो कसा, हे पाहिले. पण तो आकसतोही, आणि ही बाजू अधिक विचार करण्याजोगी आहे. मोबाईलवरून पैसे देण्याची युपीआय पद्धत २०१६ साली सुरू झाली. २०२३-२४ या एका वर्षात तिच्यातून सुमारे १३,१०० कोटी व्यवहार झाले. दुकानदाराकडून त्यासाठी शुल्क घेऊ नये, असा नियम जानेवारी २०२० पासून लागू झाला. फुकट सेवेची किंमत शून्य, म्हणून राष्ट्रीय उत्पन्नातील तिची थेट नोंदही जवळजवळ शून्य! बँकांना यंत्रणा चालवण्यासाठी येणारा खर्च हिशेबात दिसतो; चहावाल्याची सुट्या पैशांची कटकट आणि पेन्शनरांचा रांगेतील खोळंबा वाचला, तो कोठेच दिसत नाही. हीच सेवा महाग असती तर या क्षेत्राचा ‘वाटा’ मोठा भरला असता. मोबाईलवरील माहितीचा दरही तसाच. २०१४ साली एका गिगाबाईटला अडीचशे रुपयांहून अधिक पडत; पुढील दहा वर्षांत तो दर दहा रुपयांच्या आसपास आला. चालू किमतींनी मोजले तर सेवा वाढली तरी कमाई वाढलेली दिसत नाही. स्थिर किमतींनी मोजायचे तर कोणता निर्देशांक वापरला, यावर उत्तर ठरते.

शिवाय संगणकाचे काम संगणक-क्षेत्रात होते कोठे? १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत यंत्रे आली, तेव्हा नोकऱ्या जातील म्हणून कर्मचारी संघटनांनी विरोध केला होता. आज खातेवह्यांचा तो बाड कोणालाच नको आहे. पण त्या यंत्रांमुळे वाढलेले काम बँकिंगच्या खात्यावर जमा होते, संगणकाच्या नव्हे. रॉबर्ट सोलो यांनी १९८७ साली अशी तक्रार केली होती की संगणक सर्वत्र दिसतात, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाहीत. तीन वर्षांनी पॉल डेव्हिड या इतिहासकार अर्थशास्त्रज्ञाने तिला विजेचा दाखला दिला. एडिसनचे वीजकेंद्र १८८२ चे. पण अमेरिकन कारखान्यांची उत्पादकता खऱ्या अर्थाने उसळली ती १९२० नंतर, कारखान्यांची मांडणीच बदलल्यावर. त्या काळात वीज कंपन्यांचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा मोजून विजेचे महत्त्व ठरवणाऱ्याची चांगलीच फसगत झाली असती.

आता ११.७४ आणि २.५५ या आकड्यांकडे पुन्हा पाहू. अहवालाच्या मते या क्षेत्रातील कामकऱ्याची उत्पादकता इतरांच्या जवळपास पाचपट आहे. भागाकार केला तर दरडोई वार्षिक २१ लाखांहून अधिक रक्कम येते. हा पगार नव्हे, हे गावोगावच्या पालकांना कोणी सांगत नाही. या रकमेत कंपन्यांचा नफा आणि यंत्रसामग्रीचा घसाराही आहे. शेतजमीन गहाण टाकून मुलाला अभियांत्रिकी महाविद्यालयात घालणारा बाप मोठा आकडा ऐकून निर्णय घेतो. छोटा आकडा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. सरकारेही जमीन आणि करसवलती देताना पहिल्याच आकड्याचा आधार घेतात. शंभरांतील अडीच माणसांना सामावणारे हे क्षेत्र उरलेल्या साडेसत्त्याण्णवांच्या कामात किती भर घालते, हे समजले तर सवलतींचे समर्थन कदाचित अधिक भक्कम होईल, कदाचित कोसळेल. सध्याच्या टक्केवारीतून यांपैकी काहीच सिद्ध होत नाही.

हे मोजणे अशक्य नाही. अमेरिकेच्या आर्थिक विश्लेषण कार्यालयाने २०१८ मध्ये डिजिटल अर्थव्यवस्थेचा पूरक हिशेब प्रथम प्रसिद्ध केला. आपल्याकडे पर्यटनाचा असा पूरक हिशेब यापूर्वी झालेला आहे: हॉटेल, रेल्वे, हस्तकला अशा विखुरलेल्या खात्यांतून प्रवाशांचा खर्च वेगळा काढून. त्याच धर्तीवर सांख्यिकी मंत्रालयाने, म्हणजे या उद्योगाच्या वाढीची जबाबदारी ज्याच्यावर नाही अशा खात्याने, मूल्यवर्धन, रोजगार व वेतन आणि इतर उद्योगांनी केलेला वापर असे तीन रकाने असलेला हिशेब दरवर्षी मांडावा. वेतनाचा रकाना तेवढा नफ्यापासून वेगळा असावा.