दिसतं ते कुणी बघायचं?

पाळकसाहेब, परवाच्या रविवारी तुम्ही पुन्हा पौलाचं तेच वचन काढलं. करिंथकरांना लिहिलेलं. डोळ्यांचं ऐकू नका, विश्वास धरून वाट चाला, असा त्याचा अर्थ तुम्ही लावला. जमीन, नोकरी, दाखला ही सगळी दिसणारी माती, तिच्यामागं धावू नका म्हणालात. बायांनी आमेन म्हटलं. मीबी म्हटलं. पण घरी येईस्तोवर ते आमेन घशात अडकून राह्यलं.

मला काय दिसतं ते सांगतो. आपलं देऊळ मांगवाड्यात आहे. गावातला माणूस त्याच्यात पाय ठेवत नाही. येशूवर त्याचा राग नाही, त्याला वाडा चालत नाही. आमच्या कितीतरी घरांत पोराचं देवळाच्या वहीत एक नाव अन् शाळेच्या दाखल्यावर दुसरं. रविवारी ख्रिस्ती, सोमवारी तहसील कचेरीत हिंदू मांग. घरी कुणी साहेब चौकशीला आला की भिंतीवरचा क्रूस पेटीत जातो. आजी म्हणायची, "देव काय पेटीत गुदमरत न्हाई, लेकरा." ती हसायची. मला हसू येत नाही.

हा भित्रेपणा आमच्या रक्तातला नाही, तो कागदातून आलाय. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तिसरा परिच्छेद आहे. हिंदू असशील तरच तू अनुसूचित जातीचा. १९५६ ला शिखांना घेतलं, १९९० ला बौद्धांना. ख्रिस्ती अन् मुसलमान बाहेरच. म्हणजे बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जात धुऊन जाते असं सरकार मानतं! पाळकसाहेब, एवढा विश्वास तर तुमचाबी नाही. आमची मंडळीसुद्धा सोयरीक जुळवताना आधी जातच विचारते.

मद्रासकडं सूसै नावाचा ख्रिस्ती माणूस रस्त्याच्या कडेला चपला शिवायचा. तसल्या कामगारांना सरकार फुकट टपऱ्या देत होतं, त्याला दिली नाही. तो सुप्रीम कोर्टात गेला. १९८५ साली कोर्ट म्हणालं, नुसती जात राहिली हे पुरे नाही, नव्या धर्मातही तेवढाच जाच होतो याचा पुरावा आण. चपला शिवणाऱ्यानं पुरावा कुठून आणायचा? त्याच्या हातातली आरी दिसत नव्हती का? २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. अहवाल पडून राहिला. २०२२ ला बालकृष्णन आयोग नेमला. २०२४ च्या नोव्हेंबरात पुदुच्चेरीच्या एका बाईला कोर्टानं दाखला नाकारला : चर्चला जातेस, मग हिंदू कशी? ज्या भीतीनं आमचा क्रूस पेटीत जातो तीच ही.

आता तुमचा पौल. त्याला फटके मारायला वाद्यांनी बांधलं तेव्हा तो काय म्हणाला? डोळे मिटून विश्वासाची गोष्ट सांगितली का त्यानं? मी रोमी नागरिक आहे, चौकशी न करता मला कसे मारता, असं त्यानं शताधिपतीला विचारलं. पुढं खटला चालला तर थेट कैसराकडं दाद मागितली. दिसणाऱ्या हक्काची त्याला लाज नव्हती. तुम्ही मात्र त्याचं अर्धंच पान वाचता.

बाबासाहेब १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं बोलले होते. मिशनरी माणसाचा धर्म बदलतो अन् काम झालं समजतो, त्याच्या राजकीय हक्कांकडं बघत नाही, असा त्यांचा रोख होता. तेव्हा आम्ही कान बंद केले. आज आमचे बौद्ध दोस्त आम्हाला दूधपावडरीवर बाटलेले म्हणतात. दोस्तांनो, १९५६ ते १९९० तुम्हीबी दिल्लीच्या दारात हेच भोगलं. राज्यानं १९६० ला सवलती दिल्या म्हणून थोडं निभावलं. तुम्हाला ही कळ कळायला पाहिजे.

न दिसणाऱ्यावर कसं चालायचं ते मला देवळात कुणी शिकवलं नाही. ते नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेकडून कळलं. तो मातंग, आपल्या मंडळीतला नव्हता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणाला, एवढ्यावर ४ ऑगस्ट १९७८ ला त्याला जाळून मारलं. ज्या पाटीसाठी तो मेला ती पाटी तेव्हा कुठंच नव्हती. ती लागली १४ जानेवारी १९९४ ला. (अन् त्याच वर्षी नांदेड-लातूरची कॉलेजं नव्या विद्यापीठाला जोडली. पोचिरामच्या जिल्ह्यातल्या पोरांच्या पदवीवर आता ते नाव येत नाही.) इब्री लोकांच्या पत्रात वचन दुरून बघून मेलेल्या माणसांची यादी आहे, तुम्ही ती दरवर्षी वाचता. पोचिराम त्या यादीतला आहे असं म्हणायचं धाडस एकदा तरी करा.

किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्याकडं संदेश झाला, माणसानं बांधलेलं सगळं पडतं. ३० सप्टेंबर १९९३. पडलं खरं. माळवदाच्या जाड भिंतींखाली झोपेत माणसं गेली. पण नवी गावं वसवताना सरकारनं घर मोजलं जमिनीवर. भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. या मोजमापावर संदेश नाही झाला. ते दिसत होतं ना, म्हणून.

यंदाच्या १० ऑगस्टला आम्ही पंधरा-वीस जण नांदेडला कलेक्टर कचेरीपुढं बसणार. तिसरा परिच्छेद काढा एवढीच मागणी. भिंतीवरचा क्रूस मी पेटीतून काढून सोबत आणणार, मग दाखल्याचं काय व्हायचं ते होवो. पाळकसाहेब, झगा घालून या.