सगळ्यांचं दुकान की आपल्या माणसांचं?

बचतगटांच्या बैठकींत पापड, मसाले, शिवणकाम यांची चर्चा नेहमीचीच. गेल्या काही वर्षांत तिच्यात एका नव्या धंद्याची भर पडली आहे. ‘ताई, ते टी-शर्टवर छापून ऑनलाइन विकतात, ते आपल्याला जमेल का?’ लालबाग-परळच्या वस्त्यांत काम करताना हा प्रश्न मला अनेकींनी विचारला आहे. कुणी गिरणी कामगाराची सून, कुणी बी.कॉम. होऊन मुलं झाल्यावर घरी बसलेली, तर कुणी दादरला साडीच्या दुकानात दहा-दहा तास उभी राहणारी. या प्रश्नापाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच : दुकान काढायचं तर कसलं? सगळ्यांसाठी सगळं ठेवणारं, की एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकासाठी?

वरवर पाहता हा निव्वळ व्यापाराचा प्रश्न वाटेल. त्याची चर्चा आपल्या अंकात कशाला, असंही कुणी म्हणेल. मला मात्र वाटतं, की बाईच्या श्रमाचं मोल कोण ठरवतं, या आपल्या जुन्याच प्रश्नाचं हे नवं रूप आहे.

आधी धंदा समजून घेऊ. याला प्रिंट ऑन डिमांड म्हणतात, म्हणजे मागणी आली की छपाई. तुम्ही फक्त चित्र किंवा मजकूर तयार करायचा आणि आपल्या ऑनलाइन दुकानात मांडायचा. गिऱ्हाइकाने पैसे भरले की ती मागणी छपाई करणाऱ्या कंपनीकडे जाते. ती कंपनी कोऱ्या टी-शर्टवर, पिशवीवर किंवा कपावर चित्र छापते आणि तुमच्या दुकानाच्या नावाने परस्पर घरी पाठवते. तिरुपूरची क्विकिंक, चेन्नईची प्रिंट्रोव्ह अशा कंपन्या हे काम करतात. तुमच्या घरात मालाचा एक गठ्ठासुद्धा येत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहणाऱ्या बाईला याचं आकर्षण का वाटतं, हे वेगळं सांगायला नको. भांडवल नाही, साठा नाही, गाळा नाही.

पण ज्या धंद्यात शिरायला काही लागत नाही, त्यात सगळेच शिरतात. इथेच जनरल दुकानाचा प्रश्न येतो. ‘घरबसल्या कमवा’ म्हणून फी घेऊन वर्ग चालवणारी मंडळी बहुतेक वेळा सांगतात, की दुकानात सगळं ठेवा. क्रिकेट ठेवा, गणपती ठेवा, मांजरं ठेवा, प्रेमाचे संदेश ठेवा, जे खपेल ते खरं. हे ऐकायला पटतं, कारण आपल्या डोळ्यांपुढे चाळीच्या नाक्यावरचं जनरल स्टोअर असतं. तिथे खोबरेल तेलापासून वहीपर्यंत सगळं मिळतं आणि ते चांगलं चालतं. पण ते का चालतं, याचा विचार करा. त्याचा माल जनरल असतो, गिऱ्हाईक जनरल नसतं. समोरच्या दोन चाळी आणि मागची गल्ली, एवढंच त्याचं गिऱ्हाईक. कुणाला महिनाअखेरीस उधार लागतं, कुणाच्या घरी कुठला साबण चालतो, हे दुकानदाराला तोंडपाठ असतं. इंटरनेटवर नाका नाही. तिथे जनरल दुकान उघडणं म्हणजे ओळखपाळख नसलेल्या अफाट गर्दीत उभं राहून ओरडणं. आणि तिथे ओरडायलाही पैसे पडतात.

हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकीने आपले घालून पाहावेत. समजा, टी-शर्ट 500 रुपयांना विकला. कोरा कपडा आणि छपाई मिळून 300, पाठवणीचे 70, पैसे भरण्याच्या यंत्रणेचं कमिशन 10. उरले 120. आता समजा, जाहिरातीवर बोट दाबून 100 माणसं दुकानात आली, प्रत्येकामागे 4 रुपये जाहिरात कंपनीला गेले आणि त्यांतल्या दोघांनीच खरेदी केली. म्हणजे जाहिरातीचे 400 रुपये दोन टी-शर्टांवर पडले, एकावर 200. आपल्याला दर टी-शर्टमागे 80 रुपयांचा तोटा. छापणाऱ्याला त्याचे पैसे मिळाले, कुरिअरला मिळाले, जाहिरात कंपनीला मिळाले. रात्री मुलं झोपल्यावर चित्रं काढत बसलेल्या बाईची मजुरी तर आपण हिशेबात धरलेलीच नाही. बाईचं काम हिशेबात न धरण्याची ही सवय आपल्या चांगली ओळखीची आहे.

जनरल दुकानाच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, तो मांडला पाहिजे. साठा करायचा नसल्यामुळे पन्नास चित्रं मांडून कुठलं खपतं ते पाहता येतं आणि नाही खपलं तरी माल अंगावर पडत नाही. हे बरोबर आहे. पण ती पन्नास चित्रं एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकासाठी का असू नयेत? त्यातून काय खपलं याबरोबर का खपलं, हेही कळतं. मुंबईतच 2013 साली सुरू झालेल्या ‘द सोल्ड स्टोअर’नेसुद्धा सिनेमा, मालिका, कार्टून यांचे चाहते हेच आपलं गिऱ्हाईक धरलं, त्यासाठी अधिकृत परवाने घेतले आणि पुढे पसारा वाढवला.

आपल्याला शिकायला इतकं लांब जायलाही नको. एका ठरावीक गिऱ्हाइकासाठी धंदा करणं गिरणगावातल्या बाईने फार पूर्वी सिद्ध केलं आहे. गिरण्यांत कामाला आलेले पुरुष बायकामुलं गावी ठेवून गाळ्यांत दाटीवाटीने राहायचे. त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया सगळ्या मुंबईसाठी स्वयंपाक करत नव्हत्या. कोकणातल्या बाईकडे कोकणातले, घाटावरच्या बाईकडे घाटावरचे. कुणाला तिखट किती, भाकरी कसली, पाळी कुठली, पगार कधी, हे तिला माहीत होतं. तिला जाहिरात लागली नाही. ओळख हेच तिचं भांडवल होतं. पण नुसत्या ओळखीने ती सुखी झाली नाही, हेही विसरून चालणार नाही. किराणा उधारीवर, व्याज सावकाराचं, दागिने गहाण. तिच्या कामाला धंदा म्हणून मान्यता मिळाली आणि बँकेचं कर्ज तिच्या स्वतःच्या नावावर मिळू लागलं, ते 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केल्यानंतर.

दुसरं उदाहरण गिरगावातलं. 15 मार्च 1959 रोजी तिथल्या सात गुजराती गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे लिज्जत झाली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पा पारेख यांनी त्यांना सल्ला दिला, की एकच प्रत करा आणि तिच्यात तडजोड करू नका. पुढे 70च्या दशकात संस्थेने आगपेट्या, उदबत्त्या, चामड्याच्या वस्तू असे उद्योगही करून पाहिले. ते यशस्वी झाले नाहीत. पापड मात्र टिकला. या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. दुकान काढायचंच असेल तर ते आपल्या ओळखीच्या माणसांसाठी काढा. मात्र यातही तीन धोके आहेत.

पहिला धोका, एकाच गिऱ्हाइकावर सगळा भार टाकण्याचा. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांच्यावर चाललेल्या खाणावळींची चूलही थंडावली. बाईच्या स्वयंपाकात काही उणं नव्हतं, गिऱ्हाईकच हरवलं. म्हणून चार दिवस गाजणारी मालिका किंवा एखादी निवडणूक धरून दुकान उभारू नये. जे लोक दहा वर्षांनीही असतील, असे धरावेत.

दुसरा धोका, ‘बायकांचं दुकान’ म्हणजे बांगडी, रांगोळी आणि ‘आई म्हणजे माया’ असं समजण्याचा. बाया काय विकणार, हे समाजाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं आणि आपणही नकळत त्याच चौकटीत चित्रं काढतो. त्यापेक्षा आजूबाजूला पाहा. परळ ही रुग्णालयांची वस्ती आहे : केईएम, टाटा, वाडिया. तिथल्या परिचारिका, आया, तंत्रज्ञ बाया रात्रपाळी करून लोकलने घरी जातात. त्यांच्या पाळीवर, त्यांच्या विनोदावर, त्यांच्या थकव्यावर मराठीत लिहिलेली पिशवी किंवा टी-शर्ट तुम्ही कुठे पाहिला आहे? ढोल पथकांत वाजवणाऱ्या मुली आहेत, मराठी शाळांच्या शिक्षिका आहेत, अंगणवाडी सेविका आहेत. त्यांच्याशी बोललं की बारीकसारीक गोष्टी कळतात. चाळिशीच्या बाईला छातीवर ठसठशीत अक्षरं नको असतात, लोक वाचायच्या निमित्ताने बघत राहतात. तिला तोच मजकूर पाठीवर चालतो. तिला लांब टी-शर्ट हवा असतो आणि मोठ्या मापात हवा असतो. जनरल दुकानाला हे कधीच कळणार नाही.

मराठी मजकूर म्हटल्यावर एक इशारा. आवडत्या कवीची ओळ उचलून छापू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या लेखनावर हक्क असतो. 2000 साली गेलेल्या पु. ल. देशपांड्यांच्या किंवा 2010 साली गेलेल्या नारायण सुर्व्यांच्या ओळी परवानगीशिवाय टी-शर्टवर विकता येत नाहीत. 1854 साली प्रकाशित झालेल्या सावित्रीबाई फुल्यांच्या ‘काव्यफुले’ला ही अडचण नाही. आणि सगळ्यांत चांगलं म्हणजे स्वतःच लिहा. आपल्या बायांच्या तोंडी जी भाषा आहे, ती काय कमी धारदार आहे?

तिसरा धोका घरातला, आणि मला तोच सर्वांत मोठा वाटतो. दुकान कोणाच्या नावावर? बँकेचं खातं कोणाचं, ओटीपी कोणाच्या फोनवर येतो, पासवर्ड कोणाला माहीत? राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल लहान असली तरी साधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. ती नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर करणं सोपं वाटतं, कारण ‘त्याला कळतं’. मग चित्रं तिची, गिऱ्हाइकं तिच्या ओळखीची आणि मालक तो. आपल्या सासवांची मजुरी ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने ही कमाईही जाईल, फक्त आता ती मोबाइलमधून जाईल. गटाने काम करायचं असेल तर पहिल्याच बैठकीत कोणी किती तास दिले, याची वही घाला. घरून केलेलं काम हे कामच आहे.

आणखी एका बाईचा विचार आपण करायला हवा, जी आपल्याला दिसत नाही. आपण टी-शर्ट छापला असं म्हणतो, पण त्याचं सूत काततं कोण, तो शिवतं कोण? तामिळनाडूच्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाने तरुण मुलींना तीन-तीन वर्षं कमी पैशांत राबवून लग्नासाठी म्हणून शेवटी एकरकमी पैसे देण्याची पद्धत कुप्रसिद्ध झाली होती. कपडा कुठून येतो, मजुरी काय दिली जाते, हे छापणाऱ्या कंपनीला विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. जनरल दुकान दहा रुपयांच्या फरकावर चालतं, म्हणून ते हा प्रश्न विचारत नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला मात्र आपण सांगू शकतो, की हा टी-शर्ट 50 रुपयांनी महाग का आहे. गिरणगावातल्या बाईला ते समजावून सांगावं लागणार नाही.

शेवटी पैशाबद्दल प्रामाणिक बोलू. वरच्याच हिशेबात जाहिरातीचा खर्च नसेल आणि ओळखीतून महिन्याला 40 टी-शर्ट गेले, तर 4,800 रुपये उरतात. पाच जणींच्या गटात प्रत्येकीला 960. हा संसार चालवण्याचा पैसा नव्हे. महिना पन्नास हजारांचं स्वप्न विकणाऱ्या वर्गांची फी भरण्याआधी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. नोकरी सोडून, दागिने मोडून यात उतरू नये. पण 960 रुपये स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या अकलेचे आलेले असतील, तर त्यांची किंमत आपण जाणतो. शिवाय 40 गिऱ्हाइकं अशी जोडली जातात, जी नावाने हाक मारतात. पुढच्या महिन्यात त्यांना नवं काय हवं, हे विचारायला कुठल्या कंपनीला पैसे द्यावे लागत नाहीत.

म्हणून मैत्रिणींनो, दुकानाचं नाव ठरवण्याआधी एक कागद घ्या. ज्यांच्या घरी तुम्ही न कळवता जाऊ शकता, ज्यांचं दुखणंखुपणं तुम्हाला माहीत आहे, अशा 50 जणींची नावं त्यावर लिहा. त्यांच्यात समान काय आहे, ते शोधा. यादी जमली नाही तर दुकानाची घाई करू नका. जमली तर तुमचं दुकान कुणासाठी आहे, हे तुम्हाला कुठल्याही वर्गापेक्षा जास्त कळलेलं असेल. अशा याद्या करून पाहिलेल्या गटांनी आपले अनुभव, आणि हिशेबाची वहीसुद्धा, पुढच्या अंकासाठी जरूर पाठवावी.